‘आपोआप’ या शब्दापाशी अडलंय भाऊ

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित आणि संख्याशास्त्र. तिला पुढे पर्यावरणाचं अर्थशास्त्र शिकायचंय आणि तुम्हाला वाटतं, तिने मुकाट्याने बँकेच्या परीक्षा द्याव्यात. तुम्ही लिहिता, "आधी देशाले चार पैसे कमवू द्या, पर्यावरण मंग आपोआप सुधरते. अन् ह्या विषयात नोकरी देते कोण?"

गंमत अशी, की ज्या विषयाला तुम्ही नावं ठेवता, त्यातलाच एक गाजलेला सिद्धांत तुम्ही एका ओळीत लिहून टाकलात. 1991 साली ग्रॉसमन आणि क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळ्या देशांतल्या शहरांच्या हवेचे आकडे तपासले. उत्पन्न वाढतं तसं हवेतलं सल्फर डायऑक्साइड (गंधक जळून होणारा वायू) आधी वाढतं आणि एका टप्प्यानंतर उतरायला लागतं, असं त्यांना दिसलं. आलेखावर टेकडीसारखी रेघ. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्सनी उत्पन्नातल्या विषमतेबद्दल अशीच रेघ मांडली होती, म्हणून हिलाही त्यांचंच नाव चिकटलं.

माझं भांडण फक्त ‘आपोआप’शी आहे. 1952 मध्ये लंडन काही गरीब नव्हतं. त्या डिसेंबरात कोळशाच्या धुरक्याने हजारो माणसं दगावली, तेव्हा कुठे 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. पैसा होता, नियम नव्हता. आपल्याकडे नियम येतो आणि मग त्याची मुदत वाढत जाते. कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मानकं डिसेंबर 2015 मध्ये आली, मुदत 2017 ची होती. ती पुन्हा पुन्हा वाढली आणि 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना त्यासाठीची यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्य किती, यंत्रणेचा खर्च किती आणि वाचलेल्या आजारपणांची किंमत किती, हा हिशेब करणं म्हणजेच तुमच्या मुलीचा विषय.

कार्बनच्या, म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत तर ती टेकडी नीट दिसतही नाही. धूर आपल्या नाकात जातो म्हणून आपण ओरडतो. कार्बनचा त्रास मात्र दुसऱ्याच्या दारात जातो. उलट आपल्या शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने श्रीमंत व्हायची वाट पाहिली नाही. ग्रामसभेत एकमताने निर्णय घेत जंगल राखलं आणि 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळवला. त्याच वर्षी सामायिक संसाधनं लोक कशी सांभाळतात, यावरच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता पोटापाण्याचं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून आघाडीच्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. युरोपात पोलाद पाठवणाऱ्यांना आता त्यातल्या कार्बनचा हिशेब द्यावा लागतो. घोषणा देणारे पुष्कळ मिळतात, हा हिशेब येणारी माणसं मिळत नाहीत. तिचं संख्याशास्त्र इथे सोन्यासारखं आहे. (काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी ‘यात काही नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. ती माझी चूक होती.)

मुंबईतली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्याची गोखले संस्था आणि चेन्नईचं मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या तिन्हींचे अर्ज बघा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यातली पदव्युत्तर पदवी लागते. म्हणून प्रवेशाआधी पदवीच्या नावाची खात्री करून घ्या. पदवीवर साधं ‘अर्थशास्त्र’ असेल आणि पर्यावरणाचे पेपर तिने निवडले, तर दोन्ही दारं उघडी राहतात. बँकेची परीक्षाही द्यायला सांगा. त्याने काही बिघडत नाही.

राहिली ती वही. खिडकीच्या कठड्यावरची राख रोज सकाळी पांढऱ्या कागदाने पुसायची, कागदावर तारीख टाकायची आणि वहीत चिकटवायचा, हा तिचा ‘खुळा छंद’ तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलाय. वही रद्दीत घालू नका. भेटायला याल तेव्हा घेऊन या, आणि तिलाही आणा.