कंसातलं वाक्य

‘ताई, मी 28 वर्षांची आहे. लग्नाला दीड वर्ष झालं, सासर कराडजवळ. चार वर्षांपूर्वी मला लुपस निघाला. सांधे धरायचे, गालांवर लाल चट्टे यायचे, केस मूठमूठ गळायचे. स्टेरॉइड वर्षभर घेऊन डॉक्टरांनी बंद केलं, आता हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची एक गोळी चालू आहे. लग्न ठरताना आई म्हणाली, आता बरी आहेस, कुणाला काही बोलू नकोस. त्यामुळे नवऱ्यालाही माहीत नाही. गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत ठेवते. घरात पाहुणे असले की राहून जातात. पुण्याच्या डॉक्टरांकडे लग्नानंतर गेलेले नाही. दुपारनंतर मला उभं राहवत नाही. सासूबाई म्हणतात, “तुझ्या वयाला आम्ही शेतावर जाऊन येऊन स्वयंपाक करायचो.” अंग दुखलं की मेडिकलमधून गोळी आणते. महिनाभरापासून संध्याकाळी जोडवी रुततात (लघवीला फेसही येतो, पण तो संडास धुवायच्या लिक्विडचा असेल). अशक्तपणा जावा म्हणून सासूबाई रोज गुळवेलीचा काढा देतात, तो घ्यावाच लागतो. आता सगळ्यांना नातवंड हवंय. आजाराचं नाव न काढता माझा थकवा खरा आहे, हे त्यांना कसं पटवू?’

– नाव छापू नका

सासूबाईंचं नंतर बघू. आधी तो कंस.

पत्रात तू सगळ्यांबद्दल लिहिलंस. सासूबाईंचा टोमणा शब्दन् शब्द उतरवलास. आणि ज्या वाक्यासाठी आज रात्री मला झोप लागणार नाही, ते कंसात टाकलंस. वर त्याचं कारणही स्वतःच ठरवून मोकळी झालीस. लिक्विडचा फेस असेलही. पण लुपस असलेल्या बाईच्या लघवीला फेस येतो आणि त्याच महिन्यात तिच्या पायाला जोडवी रुतायला लागतात, तेव्हा पहिला संशय मूत्रपिंडांवर घ्यायचा आणि तो तपासून दूर करायचा. अंदाजाने दूर करायचा नाही.

आत काय होत असू शकतं ते नीट समजून घे. लुपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. त्यांचे गठ्ठे रक्तातून फिरत मूत्रपिंडाच्या गाळण्यांमध्ये जाऊन बसतात. एकेका मूत्रपिंडात अशा दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात. तिथे सूज आली की एरवी रक्तात राहणारं प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, लघवीतून गळायला लागतं. प्रथिन असलेली लघवी फेसाळते, ताक घुसळल्यावर फेस धरतो तशी. रक्तातलं अल्ब्युमिन कमी झालं आणि अंगात मीठ साठलं की पाणी झिरपून खाली उतरतं. मग संध्याकाळी पैंजणाचा वळ घोट्यावर उमटतो आणि सकाळी उठल्यावर पापण्या जड वाटतात. आज झोपण्याआधी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धर आणि काढ. खळगा पडून राहिला तर ते पाणी आहे.

यातलं काहीच दुखत नाही, आणि बायका फसतात त्या इथेच. तुझे सांधे दुखले तेव्हा तू डॉक्टरांकडे धावलीस, कारण सांधे ओरडतात. मूत्रपिंड ओरडत नाही. लुपस असलेल्या शंभरातल्या साधारण चाळीस जणांच्या मूत्रपिंडांना कधी ना कधी झळ बसते आणि बहुतेकांना ती पहिल्या पाच वर्षांतच बसते. तुझं चौथं संपलं. सांधे शांत आहेत, चट्टे गेले, म्हणून आजार निजला असं धरून दीड वर्ष तू लघवी तपासलेली नाहीस. आजार शांत असला तरी दर तीन महिन्यांनी, फार तर सहा महिन्यांनी, ती तपासायची असते.

तेव्हा उद्या सकाळी लघवी लॅबमध्ये पोचली पाहिजे. सोमवारी नाही, सण झाल्यावर नाही.

उठल्यावरची पहिली लघवी हवी. पहिली थोडी धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, झाकण घट्ट लावायचं आणि तासाभरात पोचवायची. उशीर होणार असेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेव. पाळी चालू असेल तर आधी लॅबवाल्याला सांग, कारण पाळीचं रक्त मिसळलं की रिपोर्ट वाचता येत नाही. उपाशी राहायची गरज नाही. रात्री नेहमीइतकंच पाणी पी. घाबरून तांब्याच्या तांब्या पाणी प्यायलीस तर लघवी पातळ होते आणि साध्या पट्टीच्या तपासणीत प्रथिन लपतं.

चिठ्ठीवर दोन तपासण्या लिही: ‘युरीन रुटीन मायक्रोस्कोपी’ आणि ‘युरीन प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो’. दुसरी विसरायची नाही. लघवीतून किती प्रथिन गळतंय ते तिच्यावरून कळतं. पूर्वी यासाठी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून न्यायला लागायची, आता सकाळच्या एका डबीतून चांगला अंदाज येतो. त्याच खेपेला रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळतंय का ते सांगणारं), अल्ब्युमिन, सीबीसी, सी-3, सी-4 आणि अँटी-डीएस-डीएनए करून घे. शेवटच्या तीन तपासण्यांवरून लुपस किती चेतलाय ते कळतं, पण त्या महाग असतात. पैसे कमी पडले तर त्या पुण्याच्या डॉक्टरांना विचारून नंतर कर, पण लघवीच्या दोन्ही उद्याच. आणि कुणाकडून तरी रक्तदाब मोजून घे. तो 130-80 च्या वर गेला असेल तर कागदावर लिहून ठेव, डॉक्टरांना दाखवायचाय.

रिपोर्ट हातात आल्यावर लोक क्रिएटिनिनचा आकडा बघतात, 0.7 दिसला की सुटलो म्हणतात. या आजारात तो आकडा उशिरा चढतो. बऱ्याच गाळण्या निकामी झाल्यावर. तू रेशो बघ. 0.2 च्या आत असेल तर ठीक. 0.5 किंवा त्याहून जास्त आला, तर त्याच दिवशी पुण्याला फोन. काही लॅब हाच आकडा 500 असा लिहितात. एकक वेगळं, अर्थ तोच. रुटीनच्या कागदावर लाल पेशी किंवा ‘कास्ट’ असा शब्द दिसला तर रेशो कमी असला तरी फोन करायचा. आणि रिपोर्टची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं, असं कधी? दम लागला, लघवी अगदीच कमी झाली, डोकं ठणकून रक्तदाब चढला, फिट आली किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर.

पुढे काय होईल तेही सांगते, म्हणजे भीतीपोटी डबी परत घेऊन येणार नाहीस. रेशो वाढलेला असेल तर डॉक्टर बहुधा मूत्रपिंडाची बायोप्सी सुचवतील. पालथं झोपवतात, कमरेच्या वरची जागा बधिर करतात आणि सोनोग्राफीत बघत सुईने तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक तुकडा काढतात. मग काही तास उताणं पडून राहायचं, बहुतेक ठिकाणी एक रात्र ठेवून घेतात. त्या तुकड्यावरून सूज कुठल्या वर्गातली हे कळतं आणि औषध त्यावर ठरतं: थोडे दिवस स्टेरॉइड आणि सोबत मायकोफिनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड. यावर चांगले उपचार आहेत. वेळेत सुरू झाले तर बऱ्याच जणींची गळती थांबते. पण जी गाळणी वण होऊन गेली ती परत येत नाही. म्हणून मी ‘उद्या’ म्हणतेय.

आता त्या मेडिकलमधल्या गोळीचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड यांपैकी काही असेल तर आजपासून बंद. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात, आणि तिथे आधीच सूज असली तर दुहेरी मार. दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल.

काढाही बंद. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून देतात, आणि तुझ्या आजारात तीच शक्ती उलटलेली आहे. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताची सूज ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तशा, आजारासारखी होती. तुझ्या सासूबाई रोज सकाळी गॅसपाशी उभं राहून तुझ्यासाठी काढा उकळतात, तो तुला बरं वाटावं म्हणून. त्यांना तू खरं सांगितलं असतंस तर त्यांनी तो कधीच दिला नसता. त्यांच्या टोमण्याचं तुला वाईट वाटतं, ते वाटणारच. पण तुझ्या घरात तुला खरा अपाय करणारी गोष्ट टोमणा नाही, कॅल्शियमच्या बाटलीत लपवलेला आजार आहे.

त्या बाटलीतल्या गोळ्यांबद्दलही ऐक. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन शरीरातून फार हळू उतरतं, त्यामुळे दोन-चार दिवस घ्यायचं राहिलं तर काही जाणवत नाही आणि माणूस धीट होतो. परिणाम आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतो. 1991 सालीच कॅनडातल्या डॉक्टरांनी आजार शांत असलेल्या रुग्णांवर करून पाहिलं होतं: ज्यांची गोळी बंद केली त्यांचा आजार, चालू ठेवलेल्यांपेक्षा अडीच पटीने जास्त उसळला. लुपसमध्ये ही गोळी पाया आहे, बाकीची औषधं येतात-जातात. दिवसाला वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत ती डोळ्यांना सुरक्षित मानतात. सुरुवातीला एकदा डोळ्याचा पडदा तपासायचा आणि पाच वर्षं झाली की दरवर्षी. मूत्रपिंडाचं काम घटलं तर ही तपासणी आधीच सुरू होते आणि डोसही बदलू शकतो. गोळी जेवणानंतर घ्यायची, रोज, पाहुणे असले तरी.

आणि तुझी आई. पोरीचं लग्न मोडू नये म्हणून तिने हे केलं, हे मला कळतं, पण मी तिची बाजू घेणार नाही. तिने तुला आजार लपवायला सांगितला आणि त्याबरोबर तपासण्याही बंद झाल्या. पुण्याला जायला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून तू गेलीच नाहीस. लघवीची डबी घरातून न्यायची तर कुणीतरी विचारणार. बायोप्सीला रात्रभर राहायचं, संमतीपत्राच्या वेळी जवळ घरचं माणूस लागणार. तू कुठल्या लग्नाला जातेय म्हणून सांगणार आहेस? हा आजार चोरून जगता येतो, चोरून उपचार करता येत नाहीत.

म्हणून आज रात्री नवऱ्याला सांग. रडून, माफी मागून लांबण लावू नकोस. जुनी फाइल समोर ठेव आणि एवढंच म्हण: “चार वर्षांपासून मला लुपस आहे. संसर्गाचा नाही. लग्नाआधी सांगायला हवं होतं, भीतीने नाही सांगितलं. माझ्या लघवीला फेस येतोय, मूत्रपिंडाचं असू शकतं. उद्या सकाळी लॅबला यायचंय तुला.” तो चिडेल. त्याला चिडायचा हक्क आहे, दीड वर्ष तू त्याला अंधारात ठेवलंस. त्याला बोलू दे. पण सकाळी त्याच्याच गाडीवर मागे बसून लॅबला जा. तो नाही आला तर एकटी जा, रिक्षाने जा, पण जा.

मुलाचं लिहिलंस. लुपसमध्ये मूल होतं, निरोगी होतं, मात्र तारीख घरातल्यांनी ठरवायची नाही, मूत्रपिंडांनी ठरवायची. आजार सलग सहा महिने शांत असल्याशिवाय दिवस राहू देऊ नकोस. सूज असताना राहिले तर तुला आणि बाळाला दोघांनाही धोका. तोवर निरोध किंवा तांबी. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, रक्तात गुठळी व्हायची भीती असते. पाळी आत्ताच चुकलेली असेल तर तेही उद्याच तपास. मायकोफिनोलेट सुरू झालं तर ते गर्भाला घातक आहे, मूल ठरवायच्या निदान सहा आठवडे आधी बंद करून त्याजागी बहुधा अ‍ॅझॅथायोप्रिन देतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवायची, ती बंद केल्यानेच आजार उसळतो. अँटिफॉस्फोलिपिड आणि अँटी-रो या तपासण्या आधी करून घे. पहिलीवरून गुठळ्यांचा आणि गर्भपाताचा धोका कळतो, दुसरीवरून बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायचं की नाही ते.

राहिला तुझा मूळ प्रश्न. थकवा खरा आहे. लुपसचा थकवा झोप काढून जात नाही, आणि अल्ब्युमिन गळत असेल, रक्त कमी असेल तर दुपारनंतर पाय उभं राहू देत नाहीत यात नवल नाही. आजाराचं नाव न काढता हे सासूबाईंना कसं पटवायचं, तर नाहीच पटवता येत. नाव काढ. नवऱ्याला सांगून झाल्यावर दोघांनी मिळून काढा. उद्या काढ्याचा पेला समोर आला की तो हातात घेऊ नकोस आणि ओतूनही देऊ नकोस. म्हण, “आई, हा मला चालत नाही. का ते दुपारी बसून सांगते.”

डबी लॅबमध्ये मागितली की देतात. आज संध्याकाळी दळण आणायला बाहेर पडशील तेव्हाच घेऊन ये, आणि मोरीतल्या फळीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेव.