‘मॅडम, किती सांगायचं?’

कोर्टाने किंवा कंपनीने दारू-ड्रग्जच्या तपासणीसाठी माझ्याकडे पाठवलेली माणसं दारातून आत येताना एकच हिशेब करत येतात: खरं सांगितलं तर अडकू, काहीच नाही सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, मग मधलं काहीतरी किती सांगायचं? फोनवर हाच प्रश्न बायका विचारतात, वकील विचारतात, एकदा तर एका साहेबांनी ‘माझ्या मित्रासाठी’ विचारला होता. उत्तर म्हणून एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आकड्यांचं गणित मात्र तसंच ठेवलंय.

ते क्रेन ऑपरेटर. वय पंचेचाळीसच्या आसपास. सकाळी सातच्या पाळीला गेटवर मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि आकडा आला. कंपनीने कामावरून थांबवलं आणि व्यसनाचं मूल्यमापन करून आणा म्हणून पत्र दिलं. माझ्यासमोर बसल्याबसल्या म्हणाले, “मॅडम, मुलांची शपथ, सकाळी थेंब घेतला नव्हता. मशीन खराब आहे.”

मी आधी माझा कागद पुढे सरकवला. हे मी कधीच चुकवत नाही. त्यावर लिहिलेलं असतं की हा अहवाल कोणाला जाणार, त्यात काय जाणार, काय नाही. कंपनीने तीन गोष्टी विचारल्या होत्या: व्यसनाचा प्रश्न आहे का, असल्यास किती, उपचार काय. त्यापलीकडचं, म्हणजे लहानपण, भावाशी चाललेला वाद, नवरा-बायकोतलं बोलणं, यातलं काही अहवालात जात नाही. पण मूल्यमापन करताना मी त्यांची समुपदेशक नसते हेही त्यात स्पष्ट असतं. इथे सांगितलेलं ‘आपल्या दोघांतच’ राहील असं वचन मी देत नाही. सही करण्याआधी हे प्रत्येकाने विचारून घ्यावं. समोरचा सांगत नसेल तर दोनदा विचारावं.

त्यांनी सही केली. मग मी दारूच्या सवयीबद्दलची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ प्रश्नावली दिली. ही जागतिक आरोग्य संघटनेने तयार करून घेतलेली. गुण 0 ते 40, 8 पासून पुढे काळजीचं, 20 पासून पुढे अवलंबित्वाची दाट शंका. त्यांचे गुण आले 5. महिन्यातून दोन-तीनदा, फार तर तीन पेग.

आता माझी चूक सांगते. पेन धरताना त्यांचा हात थरथरत होता. कपाळावर घाम होता. पाण्याचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, तरी थोडं पाणी शर्टावर सांडलंच. मी मनात म्हटलं, घाबरलेत बिचारे. नोकरीचा प्रश्न असला की कोणाचाही हात कापतो. वीसेक मिनिटं मी तशीच पुढे प्रश्न विचारत राहिले. मग त्यांनी आज तारीख काय म्हणून विचारलं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “शेवटची कधी घेतलीत?”

“परवा रात्री. म्हटलं, इथे येताना स्वच्छ यावं. एक थेंब नाही घेतला तेव्हापासून.”

महिन्यातून दोन-तीनदा पिणाऱ्याला दोन दिवस न पिण्याने असं होत नाही. रोज भरपूर पिणारा एकदम थांबला तर काही तासांतच थरथर, घाम, निद्रानाश सुरू होतो. फिट येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत सर्वांत जास्त. त्यापुढे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होणं, नसलेलं दिसणं, ताप, अशी अवस्था येऊ शकते आणि उपचार नसतील तर माणूस त्यात दगावतो. मी फाइल बंद केली. बाहेर बसलेल्या वहिनींना आत बोलावलं आणि दोघांना तडक डॉक्टरांकडे पाठवलं. कंपनीला एका ओळीची चिठ्ठी: वैद्यकीय कारणाने मूल्यमापन पुढे ढकललं आहे. बस, एवढंच.

म्हणून हात जोडून सांगते. रोज पिण्याची सवय असेल तर तपासणीत चांगलं दिसावं म्हणून आदल्या दोन दिवसांत एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना भेटा. ते गोळ्या सुरू करून हळूहळू कमी करत आणतात, बी-वन जीवनसत्त्वही देतात. तसंही दोन दिवस कोरडं राहून फारसं काही लपत नाही. लघवीतली ‘ईटीजी’ चाचणी दोन-तीन दिवसांपूर्वीची दारू दाखवू शकते, रक्तातली ‘पेथ’ चाचणी साधारण दोन ते चार आठवड्यांचं पिणं सांगते. आणि घटाघट पाणी पिऊन लघवी पातळ करून आणणाऱ्यांसाठी: प्रयोगशाळा लघवीत नेहमी असणारं क्रिएटिनिनही मोजते, पाणी जास्त झालं की ते कमी भरतं आणि नमुना पातळ आहे हे कागदावर येतं. मग दारूचा प्रश्न बाजूला राहतो आणि लबाडीचा सुरू होतो.

बारा दिवसांनी ते परत आले. चेहरा उतरलेला, पण हात स्थिर. पुन्हा तीन पेगवरच अडून बसले होते. मी टेबलावरचा ग्लास त्यांच्यासमोर ठेवला, पाण्याची बाटली दिली. “तुमचा पेग भरून दाखवा.”

त्यांनी सवयीने भरला, अगदी न बघता. हात बरोबर जिथे थांबायचा तिथे थांबला. मी ते पाणी मोजपात्रात ओतलं. 110 मिली. मोठा पेग धरला तरी तो 60 चा.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. 40 टक्क्यांच्या दारूत 110 मिलीला 44 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण 35 ग्रॅम. तीन पेग म्हणजे 105. प्रश्नावलीतलं एक ‘ड्रिंक’ 10 ग्रॅमचं, म्हणजे त्यांची ‘तीन’ ही खरं तर दहाच्या वर. शरीर तासाला ढोबळमानाने आठेक ग्रॅम जाळतं. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबू, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री आठला सुरुवात, सकाळी सातला गेट. अकरा तास, 88 ग्रॅम. “उरले किती?” मी विचारलं.

त्यांनी वजाबाकी स्वतः केली. 17. पेन्सिल खाली ठेवली. “म्हणजे मशीन बरोबर होतं.”

“आणि तुम्हीही. सकाळी घेतली नव्हतीत.”

इतक्या दिवसांत कोणी त्यांना खोटारडा न म्हणता ऐकून घेतलं नसावं. कारण त्यानंतर ते आपणहून बोलले. रोज. चार वर्षांपासून रोज. सुट्टीच्या दिवशी दुपारपासून. प्रश्नावली पुन्हा भरली तेव्हा पहिल्या तीनच प्रश्नांत 12 गुण झाले, एकूण 22. त्यांच्या लेखी परवानगीने मी वहिनींशी बोलले. त्या म्हणाल्या, “मी त्यांच्याविरुद्ध बोलतेय असं लिहू नका, मी बाटल्या मोजतेय एवढंच लिहा.” त्यांचा आकडा आणि त्यांच्या नवऱ्याचा दुसरा आकडा जुळला.

‘किती सांगायचं’ याचं माझं उत्तर इथेच आहे. मूल्यमापनात एकाच उत्तरावर काही ठरत नाही. मी तुमचं बोलणं, प्रश्नावली, चाचणी, घरच्यांचं म्हणणं, डॉक्टरांचे कागद एकाशेजारी एक ठेवते आणि कुठे सांधा निसटतो ते बघते. जास्त पिणं सांगितल्याने अहवाल जितका बिघडतो, त्याहून जास्त तो न जुळणाऱ्या गोष्टींनी बिघडतो. मुलाच्या ताब्याच्या खटल्यात कोर्टाने पाठवलेल्या एका बाईंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, “प्यायचे, खूप प्यायचे, चौदा महिने झाले सोडून.” चाचण्या स्वच्छ, डॉक्टरांच्या नोंदी जुळलेल्या. निदानाच्या नियमांत लक्षणांविना 12 महिने उलटले की त्याला दीर्घकालीन मुक्ती म्हणतात. मला तो शब्द लिहिता आला तो त्यांनी आधीचं पिणं सांगितलं म्हणून. लपवलं असतं तर सोडल्याचंही लिहिता आलं नसतं.

आणि हो, नोकरी वाचेलच असं मी कोणालाही सांगत नाही. तो निर्णय माझ्या हातात नसतो. काही जागा खरोखरच जातात, आणि डोक्यावरून टनावारी लोखंड फिरवणाऱ्या माणसाच्या बाबतीत कंपनी कडक असेल तर मला ते गैर वाटत नाही.

अहवाल पाठवण्याआधी मी त्यांना वाचायला दिला. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. “हे 5 काढता नाही येणार?”

“नाही येणार. पण पुढची ओळ वाचा.” पुढे लिहिलं होतं की पहिली माहिती दारू तुटल्याच्या त्रासात आणि नोकरीच्या भीतीत दिलेली होती, दुसरी त्यांनी स्वतःहून दिली आणि ती इतर पुराव्याशी जुळते. त्यांनी दोन्ही ओळी दोनदा वाचल्या आणि मान हलवली.

कंपनीने त्यांना उपचार सुरू असेपर्यंत जमिनीवरचं काम दिलं, अधूनमधून न सांगता चाचणी ही अट. क्रेनवर परत कधी, ते कंपनीचे डॉक्टर ठरवतील. परवा त्यांचा फोन आला. ‘पेथ’चा कागद हातात होता आणि त्यांना तो नीट कळत नव्हता.

“मॅडम, आकडा कमी झाला म्हणजे चांगलं ना?”

“मागच्या महिन्याचाही शेजारी ठेवा आणि दोन्ही वाचून दाखवा,” मी म्हटलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.