लस दिली होती, तरी पार्वो कसा झाला?

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला 45 दिवसांचे असताना पार्वोची (आतड्यांच्या विषाणूजन्य रोगाची) लस दिली होती. तरीही अडीच महिन्यांचे झाल्यावर त्याला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले व तीन दिवसांत ते गेले. घर फिनाइलने धुऊन काढले आहे. मुले नव्या पिल्लासाठी हट्ट धरून बसली आहेत. ते आणावे का? मुलांना या रोगाची बाधा होईल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : लस देऊनही पिल्लू गेल्याचा सल आपल्या पत्रात जाणवतो, म्हणून आधी त्याचे कारण सांगतो. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारद्रव्ये पहिले काही आठवडे पिल्लाचे रक्षण करतात. परंतु तीच द्रव्ये लशीलाही निष्प्रभ करू शकतात आणि ती कधी ओसरतील, हे प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत निराळे असते. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते. यांतला शेवटचा डोस सर्वांत मोलाचा असतो आणि बहुधा तोच राहून जातो. एका डोसवर ‘लसीकरण झाले आहे’ असे सांगून पिल्ले विकणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

पार्वोसाठी फिनाइलवर विसंबू नका. सॅनिटायझरही उपयोगी नाही. फरशी साबणाने घासून धुवावी, मग 30 भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून ती किमान दहा मिनिटे ओली ठेवावी. ब्लीचमध्ये फिनाइल किंवा अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. पिल्लाचे अंथरूण टाकून द्यावे. अंगणातल्या मातीला मात्र असा उपाय नाही. तिथे हा विषाणू कित्येक महिने, प्रसंगी वर्षभरही टिकतो आणि चपलांना चिकटून घरात येतो. त्यामुळे वर्षभर तरी लहान पिल्लू आणू नये. मुलांची समजूत पटत नसेल, तर सर्व लसी पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणता येईल. त्याआधी पशुवैद्याकडून त्याच्या लशींची नोंद तपासून घ्यावी.

कुत्र्यांचा पार्वो माणसांना होत नाही, तेव्हा मुलांविषयी निश्चिंत असावे. रेबीजबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. त्याची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात कुत्र्याला द्यावीच आणि कोणताही कुत्रा मुलांना चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.