फाट्यावरचा ब्लॉक: एक स्टेंट की दोन?

ताई, वडिलांच्या अँजिओत एलएडी (हृदयाच्या पुढच्या भागाची मुख्य रक्तनळी) आणि तिची शाखा डायगोनल यांच्या फाट्यावर ब्लॉक निघाला. एक डॉक्टर एक स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) म्हणतात, दुसरे दोन, म्हणून दुसरे बिल फुगवताहेत का, असं तुम्ही विचारलंय. सोलापुरात कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओ होते त्या खोलीत, टेक्निशियन म्हणून माझी १८ वर्षं गेली. पैशाचा संशय लगेच घेऊ नका.

सगळं ठरतं ते फुटणाऱ्या शाखेवर. ती बारीक असेल किंवा आजार फक्त तोंडाशी असेल, तर मुख्य नळीत एकच स्टेंट. २००६ च्या नॉर्डिक अभ्यासात ४१३ रुग्ण होते. सरसकट दोन स्टेंट घालून सहा महिन्यांत जास्तीचा फायदा दिसला नाही. शाखा मोठी आणि आजार आत सेंटीमीटरभर किंवा पुढे गेलेला असेल, तर मात्र टी, क्यूलॉट, डीके क्रश अशा दोन स्टेंटच्या पद्धतींचा विचार होतो.

एका स्टेंटचं कामही सोपं नसतं. फाट्याच्या अलीकडे नळी जाड, पलीकडे बारीक. स्टेंट पलीकडच्या मापाचा घेतात, मग अलीकडे तो भिंतीला टेकावा म्हणून आखूड, जाड फुगा फुगवतात. याला आम्ही पॉट म्हणतो. पुष्कळदा स्टेंट उघडताच पडद्यावर डायगोनलचं तोंड चिमटल्यासारखं होतं, रुग्ण म्हणतो, "छातीत भरून आलं." शाखेत आधीच ठेवलेली वायर तेव्हा वाट दाखवते. दुसरी वायर स्टेंटच्या जाळीतून, फाट्याच्या टोकाजवळच्या घरातून आत न्यायची. तिच्यावरून नेलेला फुगा फुगताना मध्ये, नळी अरुंद असते तिथे, कंबर दिसते. ती सुटली की खोलीतल्या सगळ्यांचे खांदे खाली येतात.

डॉक्टरांना विचारा: शाखा किती मिलिमीटरची, आजार आत कुठवर, आयव्हीयूएस (नळीच्या आतून सोनोग्राफी) किंवा ओसीटीने (प्रकाशाने काढलेलं चित्र) नळी आतून बघणार का? पैशाचं म्हणाल तर स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. बिलात स्टेंट वेगळा दाखवायला सांगा.

आणि गोळ्या. अक्कलकोट रोडवर यंत्रमाग चालवणाऱ्या एका काकांना दोन स्टेंट घातले होते. तिसऱ्या महिन्यात दाढ काढायची म्हणून त्यांनी रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या मनानेच बंद केल्या. पाचव्या रात्री ते परत आमच्या टेबलावर, स्टेंटमध्ये गुठळी. वाचले, पण हृदयाचा जोर कमी झाला तो झालाच. दात असो की दुसरं काही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू देऊ नका.

तिसऱ्या डॉक्टरांना दाखवणार असाल तर नुसता छापील रिपोर्ट नको, अँजिओची सीडी न्या. फाटा हलत्या चित्रातच नीट कळतो.