बॅलन्सिंगचे प्रशिक्षण घ्यावे, पण उपकरणांसाठी कर्ज काढावे का?

वाचकाचा प्रश्न: माझे वय 31. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन नऊ वर्षे पुण्यातील एका वातानुकूलन कंत्राटदाराकडे साइट सुपरवायझर म्हणून काम करतो. कामे बहुतेक रुग्णालयांची आणि औषध कारखान्यांची असतात. हातात 46,000 रुपये पगार येतो. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिला 18,000 मिळतात. मुलगी चार वर्षांची आहे. गावी वडिलांना पाठवतो ते धरून घरखर्च 48,000 होतो. साडेतीन लाख आणि दोन लाख अशा दोन मुदत ठेवी आहेत, त्यांतील दोन लाखांची येत्या नोव्हेंबरात पिकते. दरमहा 5,000 ची एसआयपी आहे. कामाच्या शेवटी हवेचे टेस्टिंग-बॅलन्सिंग, म्हणजे प्रत्येक खोलीत ठरल्याइतकी हवा पोहोचते का ते मोजून जुळवणे, हे करायला बाहेरची एजन्सी येते. मागच्या खेपेला त्यांच्या तंत्रज्ञाची शिडी मी दिवसभर धरली, निम्मे डँपर (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) मीच फिरवले, अहवालावर सही मात्र त्याची झाली. हे प्रशिक्षण व प्रमाणपत्राची परीक्षा यांचा खर्च प्रवास-मुक्कामासह 1.6 लाख आहे. एक मित्र म्हणतो की नोकरी सोडून भागीदारीत एजन्सी काढू. उपकरणांना 12 लाख लागतील, निम्मे माझे. बँक मला सहा लाखांचे वैयक्तिक कर्ज 14 टक्क्यांनी चार वर्षांसाठी देते आहे. काय करावे?

उत्तर: आपल्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय हिशोब नीट मांडता येणार नाही. प्रशिक्षण घ्यावे की नाही, हा पहिला. नोकरी सोडून कर्जाने उपकरणे घ्यावीत की नाही, हा दुसरा. पहिल्याला माझे उत्तर होकारार्थी आहे, तेही स्वतःच्या बचतीतून. दुसऱ्याला आजच्या घडीला स्पष्ट नकार आहे.

होकार का, ते आधी सांगतो. रुग्णालयातील 20 फूट लांब, 20 फूट रुंद आणि 10 फूट उंच अशी एक शस्त्रक्रियागृहाची खोली घ्या. तिच्यात 4,000 घनफूट हवा मावते. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तेथे तासाला किमान 20 वेळा हवा बदलली पाहिजे आणि त्यांतील किमान चार बदल ताज्या हवेचे असले पाहिजेत. म्हणजे तासाला 80,000 घनफूट, मिनिटाला सुमारे 1,333 घनफूट (सीएफएम). शिवाय बाहेरच्या भागापेक्षा आत किमान 2.5 पास्कल दाब जास्त हवा. हा दाब पाण्याच्या पाव मिलिमीटर उंचीइतका असतो, तो हाताला जाणवत नाही. यंत्राच्या पाटीवर 1,500 सीएफएम लिहिलेले असले, तरी तेवढी हवा खोलीत पोहोचते आहे की वाटेतच डक्टच्या (हवेच्या नळाच्या) सांध्यांतून गळते आहे, हे शिडीवर चढून डिफ्यूझरखाली (छतातील हवेच्या जाळीखाली) फ्लो हूड हे हवा मोजणारे उपकरण धरणारा माणूसच सांगू शकतो. टेबलावर झोपलेल्या रुग्णाला त्या माणसाचे नाव कधीच कळत नाही, पण त्याच्या कामावर त्या रुग्णाची जखम भरून येणे काही अंशी अवलंबून असते. या कौशल्याला पैसे मिळतात ते यामुळे.

आपल्या कंपनीची कामे ज्या क्षेत्रात आहेत, तेथे ही गरज कमी होण्याची चिन्हे नाहीत. औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम सांगणारे सुधारित शेड्युल एम डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने आले, आणि अर्ज केलेल्या लहान व मध्यम कारखान्यांना दिलेली मुदतवाढ 31 डिसेंबर 2025 ला संपली. कुरकुंभ, वाळूज, तारापूर किंवा गोव्यातील वेर्णा येथील कारखान्यांना खोल्याखोल्यांतील दाबाचा फरक आणि हवेचे बदल आता कागदावर सिद्ध करावे लागतात. आपल्याकडे इमारत तापवण्याची गरज नाही असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ते घरांपुरते खरे आहे. पावसाळ्यात औषध कारखान्यात हवेतील ओल काढण्यासाठी हवा आधी खूप थंड करतात आणि मग गरम पाण्याच्या कॉइलवरून नेऊन पुन्हा खोलीच्या तापमानाला आणतात. त्या गरम पाण्याच्या लाइनचेही बॅलन्सिंग लागते. म्हणून अभ्यासक्रम निवडताना हवा आणि पाणी या दोन्ही बाजू शिकवणारा निवडावा. क्लीनरूमचे (धूळ व जंतू नियंत्रित ठेवलेल्या खोल्यांचे) वेगळे प्रमाणपत्र नंतर घेता येईल.

वीजबिलाचीही एक बाजू आहे आणि पगारवाढ मागताना ती उपयोगी पडेल. पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी कमी केला तर हवा 20 टक्क्यांनीच कमी होते, पण वीज जवळजवळ निम्मी लागते, कारण विजेची गरज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. अनेक ठिकाणी पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो आणि जास्तीची हवा डँपर आवळून अडवलेली असते. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2017 मध्येही सिस्टिम बॅलन्सिंगची अट आहे. मालकाला दरमहा विजेचे पैसे वाचवून दाखवणारा कर्मचारी आणि फक्त डक्ट चढवून घेणारा सुपरवायझर यांच्या पगारात फरक पडणे रास्त आहे.

आता प्रशिक्षणाविषयी, पैसे भरण्यापूर्वी. या क्षेत्रात अमेरिकेतील दोन संस्थांची नावे प्रामुख्याने घेतली जातात: 1965 मध्ये स्थापन झालेली एएबीसी आणि 1971 मध्ये स्थापन झालेली एनईबीबी. एनईबीबीची भारतातही शाखा आहे. आपल्याकडे इश्रेसारखी व्यावसायिक संस्थाही वातानुकूलनाचे अभ्यासक्रम घेते. आपल्याला मिळालेल्या माहितीपत्रकात तीन गोष्टी तपासा. शेवटी मिळणारा कागद हा केवळ उपस्थितीचा दाखला आहे की लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरचे प्रमाणपत्र आहे? ते प्रमाणपत्र आपल्या नावावर राहते, की ज्या कंपनीत आपण आहात तिच्या नावाशी जोडलेले असते? आणि त्याच्या नूतनीकरणाला किती वर्षांनी किती रक्कम लागते? दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण काही पद्धतींत व्यक्ती आणि कंपनी दोघांनाही वेगवेगळी मान्यता घ्यावी लागते. उत्तर लेखी मागवा. फोनवर मिळालेल्या उत्तरावर दीड लाख रुपये भरू नयेत.

हिशोब असा आहे. 1.6 लाखांमध्ये आपण रजेचा खर्च धरलेला दिसत नाही. पंधरा दिवस बिनपगारी गेले तर 23,000 आणखी, म्हणजे एकूण 1.83 लाख. नोव्हेंबरात पिकणारी दोन लाखांची ठेव त्यासाठी वापरावी. मुदतपूर्व मोडल्यास व्याज कापले जाते, म्हणून जानेवारीची तुकडी घेणे बरे. उरलेल्या साडेतीन लाखांना हात लावू नये. आपला सहा महिन्यांचा घरखर्च 2.88 लाख होतो आणि तो बाजूला असलाच पाहिजे. प्रशिक्षणाचे 1.83 लाख ठेवीतच राहिले असते तर सात टक्क्यांनी व्याज मिळाले असते असे धरले, तर तीन वर्षांत प्रशिक्षणाचा खर्च व्याजासह भरून येण्यासाठी आपल्या पगारात दरमहा सुमारे 5,650 रुपयांची वाढ लागते. चालू पगाराच्या बारा टक्क्यांच्या आसपासची ही वाढ नऊ वर्षांच्या अनुभवी माणसाला प्रमाणपत्रानंतर मागता येईल अशी आहे. आठ हजारांची वाढ मिळाली तर दोन वर्षांच्या थोड्या पुढे पैसे वसूल होतात. चारच हजार मिळाली तर चार वर्षांहून अधिक लागतात, आणि मग नोकरी बदलण्याचा विचार करावा लागेल. आपले उत्पन्न नव्या करप्रणालीत करमुक्त मर्यादेत बसत असल्यामुळे शैक्षणिक कर्ज काढून व्याजाची वजावट घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्यातून आपल्याला एक रुपयाही वाचणार नाही.

कर्जाचा हिशोब मात्र वेगळेच चित्र दाखवतो. सहा लाख रुपये, 14 टक्के, चार वर्षे: मासिक हप्ता सुमारे 16,400, आणि फेडीची एकूण रक्कम 7.87 लाख. आज आपल्या घरात सगळा खर्च वजा जाता दरमहा 16,000 शिल्लक पडतात, एसआयपीसुद्धा त्यातूनच जाते. म्हणजे नोकरी चालू ठेवूनही हा हप्ता घराच्या शिलकीत बसत नाही. नोकरी सोडली तर पत्नीच्या पगारातून भागत नाही असे 30,000 आणि हप्त्याचे 16,400, असे 46,400 रुपये एजन्सीने पहिल्या महिन्यापासून आपल्या वाट्याला दिले पाहिजेत. आजचा पगार जवळजवळ तेवढाच आहे. गाडीत पेट्रोल घालण्यापूर्वी, कॅलिब्रेशनला (अचूकतेच्या तपासणीला) एकही उपकरण पाठवण्यापूर्वी ही रक्कम उभी राहायला हवी.

ती वेळेवर उभी राहात नाही, हे आपण साइटवर पाहिले असेलच. बॅलन्सिंग सर्वांत शेवटी होते. तोपर्यंत फॉल्स सीलिंग लागलेले असते, मालक उद्घाटनाची तारीख धरून बसलेला असतो आणि कंत्राटदाराचे स्वतःचे बिल अडकलेले असते. शेवटी आलेल्याचे पैसेही शेवटीच सुटतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाने मोजमापाची उपकरणे हप्त्यावर घेतली होती. दुसऱ्या वर्षी कॅलिब्रेशनची मुदत संपली, तेव्हा तीन बिले थकलेली होती आणि उपकरणे प्रयोगशाळेत पाठवायला हातात पैसे नव्हते. ग्राहकाने जुन्या दाखल्यावरचा अहवाल नाकारला, आणि तो नाकारणे योग्यच होते. हप्ते मात्र चालूच राहिले.

यापेक्षाही मला काळजी वाटते ती आपल्या सहीची. समजा, आठ डिफ्यूझरच्या एका लाइनवर प्रत्येकी 300 सीएफएम हवे असताना पहिल्यावर 410 आणि शेवटच्यावर 170 मिळत आहेत, आणि ठरलेल्या हवेच्या सर्वांत कमी टक्केवारीचा डिफ्यूझर आधार धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात आणायला अख्खा दिवस लागणार आहे. अशा वेळी कधीतरी कोणीतरी म्हणणारच, की आकडे बसवून द्या, उद्या तपासणी आहे. पगार असलेला, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असलेला माणूस त्याला नाही म्हणू शकतो. पाच तारखेला 16,400 रुपये कापले जाणार असलेल्या माणसाला ते फार अवघड जाते, मग तो कितीही सरळ असो. प्रशिक्षणावर आपण जे पैसे घालत आहात, ते त्या सहीवर विश्वास ठेवला जावा म्हणून घालत आहात. पहिल्याच वर्षी तिला कर्जाच्या दावणीला बांधू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पैसे भरण्याआधी आपल्या कंपनीच्या मालकांशी बोला. बाहेरच्या एजन्सीला आपली कंपनी वर्षाला किती रक्कम देते, ते आपल्याला बिलांवरून ठाऊक असेल. तो आकडा घेऊन बसा आणि प्रशिक्षणाचा निम्मा खर्च मागा. ज्या ग्राहकांना त्रयस्थ एजन्सीचाच अहवाल लागतो, त्यांचे काम बाहेरच राहील. पण त्या एजन्सीला बोलावण्यापूर्वीचे प्राथमिक बॅलन्सिंग घरच्या माणसाने केले, तर तिच्या फेऱ्या कमी होतात. बदल्यात दोन वर्षांचा बॉन्ड मागितला तर तो मान्य करण्यासारखा आहे, मात्र परतफेडीची रक्कम दर महिन्याला घटत जाणारी असावी आणि मूळ प्रमाणपत्र कंपनीने ठेवून घेण्याची अट नसावी.

फी भरण्याच्या आधीच करायचे एक काम आहे. आरोग्यविमा फक्त कंपनीचा असल्यास तो नोकरीबरोबर जातो. तिघांचा स्वतंत्र आरोग्यविमा आणि आपल्या नावाने एक कोटीचा टर्म प्लॅन घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार कमी झाला आहे. शिडीवर आणि फॉल्स सीलिंगच्या वर काम करणाऱ्याने ही गोष्ट लांबणीवर टाकू नये. हे हप्ते उरलेल्या शिलकीतून जातील आणि एसआयपी चालू राहील.

मित्राला दुखवण्याची गरज नाही. त्याला सांगा की दोन वर्षांनी पुन्हा बसू. तोवर आपल्या नावावर काही पूर्ण अहवाल असतील आणि कोणता ग्राहक वेळेवर पैसे देतो हे कळलेले असेल. त्या वेळीही सुरुवात भाड्याच्या उपकरणांनी करावी, आणि दोन ग्राहकांची लेखी कामे हातात आल्याखेरीज राजीनामा देऊ नये. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत सेवेसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नसते, पण कंपन्या बहुधा नोंदणी मागतातच. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र पहिल्या दिवशी करावी, कारण सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत देण्याचे बंधन 2006 च्या कायद्याने ग्राहकावर आहे. भागीदारीचा करार नोंदवून घ्यावा आणि त्यात उपकरणे कोणाच्या नावावर, सही कोणाची आणि चुकीच्या अहवालाची जबाबदारी कोणाची, ही तीन कलमे असावीतच.

मालकांनी होकार दिला तर बॉन्डचा मसुदा सही करण्यापूर्वी मला पाठवा. प्रशिक्षण संस्थेचे लेखी उत्तरही त्यासोबत जोडा.