खोड कुंडीत जाड होत नाही

'बोन्सायसाठी लावलेला वड आठ वर्षं कुंडीत आहे, खतपाणी वेळेवर, तरी खोड अंगठ्याएवढंच. जपानी लोक नेमकं करतात काय?' असं तुम्ही विचारलंय. ते झाड कुंडीत ठेवतच नाहीत. निदान सुरुवातीची बरीच वर्षं नाही.

शिकोकू बेटावर ताकामात्सु शहराच्या पश्चिमेला किनाशी आणि कोकुबुंजी हे भाग आहेत. जपानातले सुमारे ८० टक्के पाइन बोन्साय इथले. ताकामात्सुहून लोकलने दुसरं स्टेशन किनाशी. (नावाचा अर्थ 'राक्षस नाहीत'. मोमोतारो या जपानी लोककथेतल्या वीराच्या गोष्टीतल्या राक्षसांचा निकाल इथेच लागला म्हणे.) तिथे शेतात पाइनच्या ओळी असतात, आपल्याकडे वांगी-मिरची लावावी तशा. दोनेकशे वर्षांपूर्वी समुद्रकाठची वाऱ्याने वाकलेली झाडं कुंडीत लावून विकण्यापासून हे सुरू झालं. पाऊस कमी, माती वाळूसर, निचरा चांगला. काळ्या पाइनला, म्हणजे कुरोमात्सुला, हेच मानवतं.

रोप लवचीक असतानाच तार गुंडाळून खोडाला वळण देतात आणि जमिनीत वाढवतात. एखादी फांदी मुद्दाम मोकाट सोडतात. दिसते बेढब, पण खोड जाड करते तीच. तिच्या पानांनी केलेलं अन्न तिच्या खालच्या खोडातूनच मुळांकडे जातं. काम झालं की ती साफ कापायची. अधूनमधून झाड उकरून मुळं छाटायची, म्हणजे बुंध्याजवळ बारीक मुळांचं जाळं होतं.

बोन्सायच्या व्हिडिओंत दिसते ती 'मेकिरी', म्हणजे कोंबछाटणी, यानंतरची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या वर्षीचे मेणबत्तीसारखे कोंब बुडातून कापतात. मग फुटणाऱ्या दुसऱ्या कोंबांना वाढायला दिवस कमी मिळतात, म्हणून सुया, म्हणजे पाइनची पानं, आखूड राहतात. हे तयार, धट्ट्याकट्ट्या झाडाचं काम. खोड वाढवायचंय त्या झाडाचे शेंडे खुडणं म्हणजे वाढत्या पोराच्या ताटातली भाकरी उचलणं. तुमच्या वडाचं आठ वर्षं हेच झालं असणार.

तर यंदा मृगाचा पाऊस पडला की तो जमिनीत लावा. मुळांखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, मुळं खाली न जाता बाजूला पसरतील. दोन-तीन पावसाळे कात्री लावू नका. मी गावी परसात उंबर असाच सोडला होता. चौथ्या वर्षी मनगटाएवढा झाला आणि मला राहवेना. ऐन एप्रिलात, आधी मुळं न छाटता, एका दमात उपटला. पंधरा दिवसांत पानं गळली, महिन्याभरात झाडही गेलं. तेव्हा काढायच्या आदल्या वर्षी बुंध्यापासून वीतभर अंतरावर गोल चर मारून मुळं तोडा, आणि काढाल तेव्हा पावसाच्या तोंडावरच काढा.

जागा नसेल तर मोठा टब घ्या, तळाला भरपूर भोकं पाडून. कुंडीपेक्षा बरा, जमिनीची सर नाही. आणि जमिनीत लावलात तर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून लांब लावा. वड आहे तो.