जावक क्रमांक पडला, पुढे काय?

बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझी नेमणूक गोपनीय शाखेत झाली हे तुझ्या आईकडून कळलं. अंगावर वर्दी नाही, दिवसभर कागद, म्हणून हिरमुसलायस म्हणे. त्याच टेबलावर मी अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितोय.

आधी माझंच सांगतो. मध्य प्रदेशाच्या हद्दीलगतच्या एका ठाण्यात होतो. उन्हाळ्यात विहिरींची कामं जोरात. एका ठेकेदाराच्या शेडमधून सुरुंगाच्या जिलेटिन कांड्या आणि डिटोनेटर चोरीला गेले. मी रिपोर्ट वर पाठवला, जावक क्रमांक टाकला आणि घरी जाऊन जेवलो. तीन आठवड्यांनी एका लग्नात पलीकडच्या राज्यातला हवालदार पंगतीत शेजारी बसला. म्हणाला, आमच्याकडे एक जण कांड्यांसह धरलाय, पण माल कुठला तेच कळत नाही. बट्टी कुस्करता कुस्करता माझा हात थांबला. अंतर जेमतेम तीस किलोमीटर! आमचा कागद मुंबईच्या वाटेला लागलेला, त्यांचा भोपाळच्या. माल तापीत मासे मारायला नेला होता असं निघालं, म्हणून निभावलं.

२६ नोव्हेंबर २००८ ला निभावलं नाही. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, ताज हॉटेलला धोका आहे, अशा सूचना आधीच आलेल्या होत्या. हल्ल्याच्या आठवडाभर आधी संशयित बोटीची खबर तटरक्षक दलापर्यंतही गेली होती. पण शोध पाकिस्तानी बोटीचा, आणि ते दहा जण वाटेत ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका बळकावून आले. १६६ माणसं गेली. सूचनांचा तुटवडा नव्हता रे. सगळ्या जोडून बघणारा कोणी नव्हता. ‘सतर्क राहावे’ एवढंच लिहिलेला कागद पाठवणाऱ्याची कातडी वाचवतो. ठाणेदाराने त्यावर नेमकं करायचं काय?

अमेरिकेतही तेच. जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूरला अल कायदाच्या माणसांची बैठक झाली, तिच्यावर सीआयएची नजर होती. त्यातले मिहधार आणि हाझमी पुढे सॅन डिएगोत राहिले. हाझमीचं नाव तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीत छापलेलं! काही काळ दोघे ज्याच्या घरात भाड्याने होते, तो एफबीआयचाच खबरी. दोघांची नावं संशयितांच्या वॉचलिस्टवर चढली ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. ११ सप्टेंबरला पेंटागॉनवर आदळलेल्या विमानात दोघेही होते.

माहिती दाबून ठेवण्यामागे दर वेळी हरामखोरी असते असं नाही. खबऱ्याचा जीव सांभाळायचा असतो, ते रास्तच आहे. मग खबऱ्याचं नाव, गाव गाळून खबर दे. श्रेयासाठी अडवून धरणारे मात्र पुष्कळ भेटतील, त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. कारगिलनंतर दिल्लीत सगळ्या यंत्रणांच्या खबरा एकत्र करणारं मल्टी एजन्सी सेंटर उभं राहिलं, तरी २००८ घडलंच. त्यानंतर त्याचा विस्तार झाला, दहशतवादाचा तपास करणारी केंद्राची एनआयए आली. हे सगळं चांगलंच झालं. पण तुझ्या टेबलावरून निघालेला कागद कोणी वाचला का, हे दिल्ली बघणार नाही.

म्हणून संध्याकाळी फोन कर. ‘मिळालं का’ एवढ्यावर थांबू नकोस, ‘वाचून काय केलंत’ हेही विचार. ज्याने उत्तर दिलं त्याचं नाव आणि वेळ डायरीत लिही. साहेब चिडतील. चिडू देत. एखादी गोष्ट चोरी वाटली तरी आणखी कोणाच्या कामाची असेल, त्याचा एकदा विचार कर. मी तेवढाच केला नव्हता.

आणि हो, पहिल्याच आठवड्यात बऱ्हाणपूरच्या बाजूच्या ठाण्यांत स्वतः जाऊन ये, चहा पी, नंबर घे. जाताना केळी नेऊ नकोस, त्यांच्याकडेही रगड आहेत. बामणोदची भरताची वांगी ने.

तुझा,
काका